भुईआवळ्याच्या ‘कोर्स’ने हिपॅटायटिस बी बरा होतो? फसवतात ते असं

रक्तदानाच्या वेळी किंवा गरोदरपणातल्या तपासणीत ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ (यकृताला ग्रासणाऱ्या हिपॅटायटिस बी विषाणूचा संसर्ग असल्याची रक्तातली खूण) निघतं, घर हादरतं, आणि कुणीतरी भुईआवळ्याच्या चूर्णाचा तीन महिन्यांचा कोर्स गळ्यात घालतं. कोर्स संपला की विक्रेता एसजीपीटी आणि बिलिरुबिन या यकृताच्या रक्तचाचण्या करायला लावतो. दोन्ही नॉर्मल! पण बऱ्याच रुग्णांचे हे आकडे कोर्सच्या आधीही नॉर्मलच असतात. त्यांवरून यकृताची सूज आणि कावीळ कळते, विषाणू गेला की नाही ते कळत नाही. म्हणून पैसे देण्याआधीचा रिपोर्ट जपून ठेवा.

यापेक्षा अवघड फसवणूक वेळेची आहे. प्रौढपणी नव्याने झालेला हिपॅटायटिस बी सुमारे ९५ टक्के लोकांत सहा महिन्यांच्या आत आपोआप जातो. अशा माणसाला त्या काळात काहीही दिलं तरी गुण आल्यासारखं वाटणारच. त्याचाच निगेटिव्ह रिपोर्ट मग जन्मापासून संसर्ग असलेल्या रुग्णाला पुरावा म्हणून दाखवला जातो. जन्मापासून संसर्ग असलेल्याच्या शरीरातला विषाणू मात्र सहसा आयुष्यभर राहतो.

‘लॅन्सेटमध्ये (नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात) छापून आलंय’ हा विक्रेत्याचा दावा खरा आहे. १९८८ साली मद्रासच्या अभ्यासात भुईआवळ्याचं चूर्ण २०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, ३० दिवस दिलं. ३७ पैकी २२ जणांचं एचबीएसएजी गेलं. औषध नसलेल्या कॅप्सूल घेतलेल्या २३ पैकी फक्त एकाचं. आशा वाटावी असाच निकाल होता, त्यामुळे इतरत्रही चाचण्या झाल्या. त्यांत तो परिणाम पुन्हा दिसला नाही. २०११ च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अभ्यास) औषधविरहित कॅप्सूलपेक्षा या वनस्पतीचा ठोस फायदा सिद्ध झाला नाही. विक्रेता १९८८ पाशीच थांबतो, आणि ही लबाडी आम्हाला सर्वांत संतापजनक वाटते.

पाकिटात फक्त भुईआवळा असेलच असं नाही. काही दिवसांतच भूक भडकली, खूप तरतरी आली, पुढे चेहरा गोल सुजला, तर स्टेरॉइडची भेसळ असू शकते. स्टेरॉइडने रुग्णाला बरं वाटतं, पण हिपॅटायटिस बीचा विषाणू त्याच काळात बळावतो. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर या विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या चालू असताना ‘इंग्रजी गोळ्या बंद करा’ असं सांगितलं, तर तिथून उठून या. या गोळ्या अचानक थांबवल्याने विषाणू उसळून यकृत निकामी झाल्याचे प्रसंग घडतात.

‘बरा झाला’ हा दावा तपासायचा तर चांगल्या प्रयोगशाळेत एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने एचबीएसएजी आणि एचबीव्ही डीएनएचं (रक्तातल्या विषाणूचं) प्रमाण तपासा, तेही विक्रेत्याने सुचवलेल्या ठिकाणी नव्हे. झटपट कार्ड टेस्टवर विसंबू नका. प्रमाण कमी असेल तर ती चुकून निगेटिव्ह येऊ शकते. घरातल्यांचीही तपासणी करा. ज्यांना संसर्ग नाही आणि लसही झालेली नाही, त्यांना लसीचे तीन डोस द्या: पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा.

चूर्ण घेताना डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, उलट्या सुरू झाल्या, तर चूर्ण थांबवून लगेच डॉक्टर गाठा. गुंगी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर त्याच क्षणी रुग्णालय. तिथे आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासतात. पाकीट फेकू नका. बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि बिल डॉक्टरांना लागतं, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करतानाही.