लंडनहून ॲमस्टरडॅम: बोगद्यातून की बोटीनं?

लंडनला शिकणाऱ्या भाचीला विमान टाळून ॲमस्टरडॅमला जायचंय. समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी युरोस्टार रेल्वे की इंग्लंडमधल्या हार्विच बंदरातून सुटणारी रात्रीची बोट, यावर तिचं घोडं अडलंय.

वेळेत युरोस्टारच सरस: लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून थेट गाडी, साधारण चार तास. बोटीला लंडनच्याच लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून हार्विचपर्यंत दीड तास रेल्वे, रात्री अकराच्या सुमारास प्रस्थान, सकाळी नेदरलँड्सचं हुक ऑफ हॉलंड बंदर. धक्क्याजवळच मेट्रो, पुढे रॉटरडॅमहून रेल्वे.

पैशांचं गणित फसवं आहे. युरोस्टारचं तिकीट आयत्या वेळी अव्वाच्या सव्वा होतं. बोटीत रात्री केबिन घ्यावीच लागते, पण हॉटेलची एक रात्र वाचते. दोघी असाल तर केबिन निम्म्यात पडते.

कार्बनबाबत मात्र भ्रम नको. बोट संथ आहे म्हणून ती स्वच्छ ठरत नाही. एवढं मोठं जहाज इंधन पितंच. विजेवरची गाडीच उजवी.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा दोन्हीकडे हवाच. युरोस्टारची पासपोर्ट तपासणी लंडनलाच उरकते, बोटीची उतरल्यावर, डोळे चोळत.

शनिवार-रविवारची धावती फेरी असेल आणि तिकीट आधी काढलं असेल तर युरोस्टार. सायकल न्यायची असेल, किंवा पहाटे केबिनच्या खिडकीतून डच किनारा बघायचा असेल, तर बोट.