आठ महिने डिजरीडू वाजवल्यानंतर: स्लीप अ‍ॅप्नियाचा माझा अनुभव

गेल्या वर्षी जूनमध्ये, मेलबर्नच्या ऐन थंडीत, बायकोने मला रात्री दोनला गदागदा हलवून उठवलं. "अरे, तू श्वासच घेत नव्हतास!" ती घाबरली होती. माझ्या घोरण्याची तिला वीस वर्षांची सवय आहे. त्या रात्री तिला जाग आली ती घोरणं अचानक बंद पडल्यामुळे. पुढच्या दोन-तीन रात्री तिने जागून घड्याळ लावून पाहिलं. पंधरा-वीस सेकंद काहीच नाही, मग एकदम गचका बसावा तसा मोठा श्वास.

तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार, निघाला. एएचआय 22 आला. म्हणजे झोपेत तासाला सरासरी 22 वेळा श्वास थांबत होता किंवा अर्धवट होत होता. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र, अशी त्याची प्रतवारी आहे. डॉक्टरांनी सीपॅप मशीन दिलं, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा सोडून श्वासाची वाट उघडी ठेवणारं. ते उत्तम काम करतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुण्यात माझा थोरला भाऊ चार वर्षं ते लावून शांत झोपतो. मला मात्र तो मास्क सोसेना. रात्री एकच्या सुमाराला झोपेतच मी तो काढून टाकायचो, आणि सकाळी डोकं जड ते जडच. मीटिंगमध्ये डोळे मिटायचे. एकदा सिग्नलला गाडी उभी असताना डुलकी लागली, तेव्हा मात्र मी हादरलो.

डिजरीडू हे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं, तोंडाने फुंकून वाजवायचं लांब नळीसारखं वाद्य. त्याचं नाव काढलं ते डॉक्टरांनीच. मास्क जमेल तितके तास लावत राहायचा, पेंग असेल तेव्हा गाडी चालवायची नाही आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची, या अटींवर त्यांनी होकार दिला. डिजरीडूचा या आजारावर उपयोग होतो का, याचं संशोधन स्वित्झर्लंडमधलं. अ‍ॅलेक्स सुआरेझ नावाचे तिथले एक डिजरीडू शिक्षक. नियमित वाजवायला लागल्यापासून आपलं घोरणं आणि दिवसाची पेंग कमी झाली, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यावरून झुरिकच्या संशोधकांनी 25 रुग्णांवर चाचणी केली आणि ती 2006 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. 14 जणांनी चार महिने डिजरीडू शिकून घरी रियाज केला, 11 जण प्रतीक्षायादीत राहिले. वाजवणारे आठवड्यातून सरासरी सहा दिवस, दिवसाला पंचवीस मिनिटं वाजवत होते. न वाजवणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा एएचआय साधारण 6 ने जास्त उतरला, दिवसाची पेंगही कमी झाली, आणि शेजारी झोपणाऱ्यांनी आपली झोप सुधारल्याचं सांगितलं. 2017 मध्ये याच कामाला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं बक्षीस) मिळालं, त्यामुळे अनेक जण याकडे गंमत म्हणून बघतात. मला ते खटकतं. माणसं थोडी होती आणि तीव्र आजाराचं त्यांत कोणी नव्हतं, या मर्यादा खऱ्याच. एकूण झोपेच्या दर्जाच्या प्रश्नावलीत दोन्ही गटांत फरकही दिसला नव्हता. तरी काम मन लावून केलेलं आहे.

सुरुवातीला माझी एक चूक झाली. पर्यटकांच्या एका दुकानातून मी रंगीत ठिपक्यांचा बांबूचा डिजरीडू उचलला. आठवड्यात त्याला चीर गेली. मग कळलं की असा बराच माल इंडोनेशियातून येतो आणि आदिवासी कला म्हणून खपवला जातो. अशाच एका प्रकरणात 2019 मध्ये इथल्या न्यायालयाने एका कंपनीला 23 लाख डॉलरचा दंड केला होता. अस्सल वाद्य वाळवीने आतून पोखरलेल्या निलगिरीच्या खोडाचं असतं. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडचे योल्ङू लोक त्याला यिडाकी म्हणतात. त्यांच्याकडे ते विधींचं वाद्य आहे, आणि विधींमध्ये ते पुरुषच वाजवतात. हे समजल्यावर मला आपण काय हातात घेतोय याचं भान आलं. रियाजासाठी मी अ‍ॅक्रिलिकची साधी, सव्वा मीटरची नळी घेतली. झुरिकच्या चाचणीतही अ‍ॅक्रिलिकचीच होती. व्यायामासाठी तेवढं पुरतं. लाकडी घ्यायचं असेल तर कोणी, कुठे बनवलं हे लिहून देणाऱ्याकडूनच घ्या.

आता मुद्द्याचं. नुसती फुंकर मारून काही होत नाही. ओठ सैल ठेवून, घोडा फुरफुरतो तसे थरथरवायचे, की घुमणारा खर्ज निघतो. ते मला चार दिवसांत जमलं. खरी कसोटी पुढे आहे. सूर न तोडता श्वास घ्यायचा. गालात हवा साठवायची, गाल दाबून ती नळीत सोडत राहायची, आणि त्याच क्षणी नाकाने झटकन श्वास आत ओढायचा. मी मिरजेचा. लग्नात सनईच्या जोडीला दुसरा वादक नुसता सूर धरून बसतो, तो श्वास कधी घेतो हे कोडं मला लहानपणापासून होतं. पन्नाशीत त्याचं उत्तर माझ्या स्वतःच्या गालात सापडलं.

माझ्या डिजरीडू शिक्षकांनी आधी वाद्य बाजूलाच ठेवायला लावलं. पेल्यात पाणी, त्यात स्ट्रॉ, आणि बुडबुडे अखंड चालू ठेवायचे. श्वास घेताना बुडबुडा तुटला की पुन्हा पहिल्यापासून. मी रोज रात्री जेवणानंतर ओट्याशी उभा राहून हे करायचो. तीन आठवडे बुडबुडा तुटतच होता. एका रात्री नाकातून हवा आत आली आणि पेल्यातलं पाणी तसंच खदखदत राहिलं. तेव्हा घशात नेमकं काय होतं ते कळलं. जिभेचा मागचा भाग वर जाऊन तोंडाचं दार बंद करतो, आणि मऊ टाळू खाली येऊन नाकाची वाट मोकळी करतो. झोपेत ढिले पडून श्वासनलिकेची वाट अडवणारे स्नायू हेच. या क्षणी ते राबतात, म्हणून माझ्या मते सगळा फायदा या अखंड श्वासात आहे. ते न शिकता रोज तासभर भोंगा वाजवणाऱ्यांना काही गुण आला नाही तर मला नवल वाटणार नाही.

पहिले दोन महिने काहीच फरक नव्हता. ओठ सुजायचे, चक्कर यायची (चक्कर आली की थांबायचं, जोर करायचा नाही). नळीच्या तोंडाशी लावायचं मधमाशीचं मेण थंडीत दगडासारखं व्हायचं. ते तळहातात धरून मऊ करायला पाच मिनिटं जायची. तिसऱ्या महिन्यात बायको म्हणाली, "काल मी एकदाही उठले नाही." मी लगेच विश्वास ठेवला नाही. पण दुपारची पेंग कमी झाली, हे माझं मलाच जाणवलं.

जानेवारीत तीन आठवडे मिरजेला गेलो. एवढी लांब नळी विमानात कुठे न्यायची म्हणून इथेच ठेवली. तिसऱ्या आठवड्यात घोरणं पूर्ववत, आणि पलीकडच्या खोलीतून आईने सकाळी विचारलं, "रात्री बरं नव्हतं का रे तुला?" परत आल्यावर पुन्हा लयीत यायला महिना गेला. व्यायाम सोडला की दंड उतरतात, तसंच हे. ज्यांना दर महिन्याला दौरे असतात त्यांनी याचा आधी विचार करावा.

एप्रिलमध्ये त्याच ठिकाणी पुन्हा तपासणी केली, मास्कशिवाय. एएचआय 22 वरून 15. पेंगेची जी एपवर्थ प्रश्नावली असते, तिच्यात 13 वरून 8. वजन तेवढंच होतं. एका रात्रीचा आकडा थोडा वरखाली होऊ शकतो, हे डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे मी बरा झालो असं नाही. सौम्य आणि मध्यम यांच्या उंबरठ्यावर आलो. पण गेल्या पाच महिन्यांत गाडीत एकदाही डोळा लागलेला नाही.

ज्यांचा एएचआय तीसच्या वर आहे, हृदयाचा त्रास आहे, किंवा ज्यांना मशीन छान मानवतंय, त्यांनी माझ्या या अनुभवावरून मशीन बंद करू नये, ही कळकळीची विनंती. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्यावं, खर्ज भिंतीतून जातो. मी संध्याकाळी साडेसहाला वाजवतो. शेजारच्या आजींना ती वेळ चालते.

मास्क अजून आहे, आणि एक गोष्ट मी अपेक्षिलीच नव्हती. आता तो पहाटे चारपर्यंत तोंडावर राहतो. डॉक्टरांनी हवेचा दाब थोडा कमी करून दिलाय. पुढची तपासणी ऑक्टोबरमध्ये आहे. तोवर आठवड्याचे सहा दिवस, रोज अर्धा तास.