चामखिळीचा पेंट: वडोदऱ्यातल्या मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या औषधाचं परीक्षण

दांडिया बाजार असो की मांजलपूर, मेडिकलमध्ये चामखिळीवर लावायचं औषध मागितलं की बहुधा 10 मिलीची छोटी बाटली पुढे येते. कंपन्या निरनिराळ्या असतात, घटक तेच: सॅलिसिलिक आम्ल 16.7 टक्के, लॅक्टिक आम्ल 16.7 टक्के, आणि दोन्ही कातडीवर धरून ठेवणारं कलोडियन. हातापायांवरच्या साध्या चामखिळीसाठी पहिला उपाय म्हणून पाचपैकी चार तारे. एक कापला तो वेळेसाठी, कारण बारा आठवडे चिकाटी धरावी लागते आणि बरेच जण तिसऱ्या आठवड्यातच बाटली कपाटात टाकतात.

हा पेंट विषाणूला थेट मारत नाही, हे आधी समजून घ्या. चामखीळ ज्याच्यामुळे येते तो पॅपिलोमा विषाणू (एचपीव्ही) बारीक खरचटीतून कातडीच्या सर्वांत खालच्या थरात शिरतो आणि तिथेच ठाण मांडतो. रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही. त्याचे नवे कण तयार होतात ते वरच्या, तशाही झडून जाणाऱ्या थरांत. त्यात त्याची काही प्रथिनं पेशीकडून जाणारी इंटरफेरॉनची (शेजाऱ्यांना सावध करणाऱ्या प्रथिनाची) हाकही दाबून टाकतात. सूज नाही, आरडाओरडा नाही. मग शरीराच्या पहारेकऱ्यांना कळणार कसं? म्हणून चामखीळ महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं तशीच राहते. आम्ल हे विषाणूभरले थर सोलून काढतं आणि थोडा दाह निर्माण करतं. त्या दाहामुळे टी-पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) तिथे येण्याची शक्यता वाढते, आणि संसर्गित पेशी निवडून संपवण्याचं काम त्याच करतात. प्रतिपिंडं पेशीबाहेरचा विषाणू अडवू शकतात, आत शिरलेल्याला नाही. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना ढिगाने आणि चिवट चामखिळी येतात, त्या टी-पेशी दबल्यामुळेच.

लावायची रीत अशी. रात्री कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं भाग भिजवा. कालचा पांढरा पापुद्रा एमरी बोर्डने (नखं घासायच्या खरखरीत पट्टीने) किंवा वजरीने घासून काढा. रक्त येईपर्यंत नको. पूर्ण कोरडं करा. भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलिनचं कडं करा, मग फक्त चामखिळीवर एक थेंब. वाळला की वर चिकटपट्टी. घासणं टाळलं तर औषध मेलेल्या पापुद्र्यावरच बसतं आणि खाली काहीच पोहोचत नाही. "काही उपयोग झाला नाही" या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. ती वजरी दुसऱ्या कुणी वापरू नये, स्वतःच्या चांगल्या टाचेवरही फिरवू नये. भाग लालबुंद होऊन झोंबू लागला तर दोन-तीन दिवस थांबा.

तळव्यावर आहे ते कुरूप की चामखीळ, हे आधी बघा. वरचा थर घासल्यावर काळे ठिपके दिसले, म्हणजे गोठलेल्या केशवाहिन्या, तर चामखीळ. कुरूप सरळ दाबल्यावर दुखतं, चामखीळ दोन बाजूंनी चिमटल्यावर जास्त.

चुना-सोडा लावून भाजणं मात्र कृपा करून सोडा. कातडी जळते, व्रण राहतो आणि कडेला विषाणू उरतो.

बारा आठवड्यांत फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं हा एक मार्ग. चामखिळी पुष्कळ असतील तर एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची) लस थोड्या प्रमाणात सर्वांत मोठ्या चामखिळीत टोचतात, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने. गोवर-गालगुंडाची ओळख असलेली प्रतिकारशक्ती तिथे धावून येते आणि पुष्कळदा न टोचलेल्या, दूरच्या चामखिळीही मावळतात. आम्हाला यातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस वेगळी: तिचा रोख 16, 18 अशा प्रकारांवर असतो, हातावरच्या चामखिळी बहुधा 2, 27, 57 या प्रकारांच्या. मुलांच्या चामखिळी तर पुष्कळदा दोनेक वर्षांत आपोआप जातात. दुखत नसेल तर वाट पाहणंही चालतं.

चेहरा, जननेंद्रियं, तीळ किंवा जन्मखूण यांवर हा पेंट लावू नका. मधुमेह असेल, पायांना बधिरपणा असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडूही नका. कलोडियन पटकन पेट घेतं, म्हणून देवघरातल्या दिव्यापासून, गॅसपासून लांब ठेवा. वडोदऱ्याच्या मे महिन्यात झाकण सैल राहिलं तर द्रावक उडून औषध चिकासारखं घट्ट होतं. तशी बाटली टाकून नवी आणा.