भूविज्ञान, ऐच्छिक विषय: बावीस वर्षांच्या वापरानंतर

बीएस्सीला इलेक्ट्रॉनिक्सच्या जागा भरल्या, म्हणून नाइलाजाने घेतलेला विषय. पुढे बँकेत लागले. दगडांशी संबंध संपला असं धरून चालले होते.

लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत सासरी मोरीची सफाई निघाली. शहाबादी फरशीवर ॲसिड ओतल्याबरोबर फसफसून फेस आला. सासूबाई खूश, "बघ, कशी घाण निघतेय!" मला प्रॅक्टिकलचं टेबल आठवलं: ड्रॉपरने हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब, बुडबुडे आले की समजायचं चुनखडक. निघत होती ती फरशीच. माझ्या तोंडून शब्द फुटेपर्यंत अर्धी बाटली संपली होती. पांढरट, खरखरीत डाग अजून तसेच आहेत. आता त्या फरशीवर मी लिंबाची सालसुद्धा घासू देत नाही.

ओट्यासाठी 'ब्लॅक ग्रॅनाइट' घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराला सांगितलं, हा ग्रॅनाइट नव्हे. गॅब्रो नाहीतर डोलेराइट असणार. तो म्हणाला, "असेल मॅडम, भाव तोच." नवऱ्याने टेबलाखालून पायावर पाय दिला.

विषयाने तोंडघशी पाडलं ते माहेरच्या शेतात. काकांनी बोअरसाठी पाणाड्या बोलावला होता. मी हट्टाने ओढ्याकडची जागा दाखवली: तिथे मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा खडक लागेल, त्यात पाणी मुरलेलं असेल. १८० फुटांवर करड्या भुकटीच्या जागी लालभडक भुकटी उडायला लागली. गेरू! मला राहवेना. सगळ्यांना उभं करून समजावलं, की साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. एक थर निवून त्याचा वरचा भाग झिजला, त्याची ही लाल माती, तिच्यावर मग पुढचा थर. चुलतभावाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, पाणी?"

नव्हतं. खाली ३०० फुटांपर्यंत काळा पाषाण. काकांनी गाडीवाल्याचे पैसे माझ्यासमोर मोजून दिले.

स्फटिकांचे अक्ष आणि जीवाश्मांची नावं तर पूर्ण फुकट गेली. आयुष्य बेसॉल्टवर, म्हणजे थिजलेल्या लाव्हावर काढणाऱ्याला जीवाश्म भेटायचे कुठे?

सगळ्यात टिकाऊ निघालं ते दगड बघायचं दहापट भिंग. सोनेतारण कर्जाच्या टेबलावर दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक त्यातूनच वाचते. शाखेत ते मागून नेणारे तिघं आहेत. काच पुसून परत देणारा एकही नाही.