डिप सर्कल घेतलं, सुई अडकते पण पैसे वाया गेले नाहीत

मुलीच्या बारावीच्या प्रोजेक्टसाठी इंदूरच्या खजुरी बाजारातून डिप सर्कल घेतलं, म्हणजे चुंबकाची सुई आडव्या पातळीपासून किती अंश खाली झुकते (तिचा झुकाव) ते मोजायचं यंत्र. अंबाल्याचा माल, पितळी चकती, लेव्हलिंगचे स्क्रू, काचेची पेटी, दिसायला एकदम झकास. पण सुईचा आस ज्या अगेटच्या (एक कठीण दगड) धारांवर टेकतो त्यातली एक खडबडीत निघाली, सुई मध्येच थबकते आणि टिचकी मारली की दोन अंश सरकते. दुकानदार म्हणे, "चल जाएगा साहब, बच्चों को दिखाना ही तो है." अहो, दाखवायलाच तर नीट हवं ना!

तरी मजा आली खरंच. रॉबर्ट नॉर्मन नावाचा लंडनचा होकायंत्रं बनवणारा कारागीर होता, तो सुई आधी नीट तोलून बसवायचा पण चुंबक घासलं की उत्तरेचं टोक खाली झुकायचंच, एकदा तोल साधायला सुई कापता कापता आखूड होऊन वाया गेली आणि हा असा भडकला की मग सुई उभी फिरेल असं यंत्रच केलं. लंडनला झुकाव आला ७१ अंश ५० मिनिटं, १५८१ मध्ये छापलंसुद्धा. पुढे १६०० मध्ये विल्यम गिल्बर्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरने चुंबकदगडाच्या गोळ्यावर छोटी सुई फिरवली, तिचा झुकाव जागेप्रमाणे बदलताना पाहिला आणि म्हणाला पृथ्वीच मोठा चुंबक आहे. आपल्या इंदूरला कोन ३४ च्या आसपास यायला हवा. आम्हाला चकतीचं तोंड पूर्वेला असताना ३७ आला, पश्चिमेला ३१, सरासरी बरोब्बर! सुईचा गुरुत्वमध्य आसावर नसला की असं होतं म्हणून दोन्हीकडून घ्यायचं, शिवाय सुईचे ध्रुव उलटे करूनही परत घ्यायचं, पण माहितीपत्रकात यातलं अक्षर नाही. ध्रुव उलटे करायला बार मॅग्नेट मात्र सोबत दिलेत.

आणि हे गोदरेजच्या कपाटाजवळ ठेवू नका, गच्चीवर न्या. मुंबईत कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या पण विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा काढावी लागली, इमारतीत लोखंड येऊ न देता. आपल्याकडे तर इन्व्हर्टर, फ्रिज, सगळंच.

पाचातले तीन. दुकानातच सुई झुलवून बघा, आरामात डोलत हळूहळू थांबली तर घ्या, एकदम थबकली तर दुसरा पीस काढायला सांगा.