एएचयूमधील यूव्ही-सी दिवे : वाशीतील सभागृहाचा अनुभव

वाशीतील आमच्या संस्थेच्या सभागृहात मध्यवर्ती वातानुकूलन आहे. खाडीकाठच्या दमट हवेमुळे पावसाळ्यात एसी सुरू करताच कुबट वास सुटत असे, म्हणून गेल्या वर्षी आम्ही एका कंपनीकडून एएचयूमध्ये, म्हणजे हवा थंड करून सभागृहात सोडणाऱ्या यंत्रात, यूव्ही-सी (जंतुनाशक अतिनील किरणांचे) दिवे बसवून घेतले.

वासाच्या बाबतीत काम चोख झाले आहे. एएचयूमधील थंड कॉइलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्या-पात्यांच्या जाळीवर, सतत पाणी सुटते आणि त्या ओलीवर बुरशी धरते. कॉइल जागची हलत नसल्यामुळे दिव्यांचा प्रकाश अहोरात्र तिच्यावर पडत राहतो आणि त्यामुळे मध्यम तीव्रताही पुरेशी ठरते. पूर्वी ड्रेन ट्रेमध्ये बोटाला लागणारा काळा, बुळबुळीत थर आता दिसत नाही आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या मूळ रंगावर आल्या आहेत.

'९९.९ टक्के विषाणू नष्ट' हा माहितीपत्रकातील दावा मात्र आम्हाला पटलेला नाही. जंतू मरतात ते प्रकाशाची तीव्रता आणि तो अंगावर पडण्याचा काळ यांच्या गुणाकारावर. सेकंदाला दोन मीटर वेगाने जाणारी हवा दिव्यांसमोरचा अर्धा मीटर पाव सेकंदात ओलांडते, तेव्हा दिवे किती प्रखर आहेत हाच खरा प्रश्न उरतो. तो लेखी विचारला असता उत्तरादाखल तेच माहितीपत्रक पुन्हा आले! तंत्रज्ञान खोटे आहे असे नव्हे. चंदीगडच्या सीएसआयआर-सीएसआयओ या संस्थेने डक्टसाठी, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या मार्गासाठी, अशी यंत्रणा विकसित केली आहे. पण शेजारच्या खुर्चीवर कोणी खोकले, तर ती हवा आधी आपल्या नाकाशी येते, डक्टमध्ये नंतर जाते. १९४१ च्या गोवराच्या साथीत फिलाडेल्फिया परिसरातील शाळांमध्ये ज्या दिव्यांचा उपयोग झाला, ते वर्गातच, डोक्यांच्या वरच्या हवेत प्रकाश टाकणारे होते.

सुरक्षिततेत कंपनीने कसूर केली होती. २५४ नॅनोमीटरचा हा प्रकाश डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतो; तरीही एएचयूचे दार उघडताच दिवे बंद करणारा लिमिट स्विच आम्ही हट्ट धरल्यावरच बसवला गेला. वायरींचे प्लास्टिक या प्रकाशाने ठिसूळ होते, म्हणून त्यांवर अ‍ॅल्युमिनियमची टेपही नंतरच गुंडाळली. या सगळ्याची पाहणी करताना ताज्या हवेचा डॅम्पर (बाहेरची हवा आत घेणारी झडप) वीज वाचवण्यासाठी कोणीतरी पूर्ण बंद केलेला आढळला. भरलेल्या सभागृहातला कोंदटपणा कोणताही दिवा घालवू शकत नाही. आम्ही डॅम्पर उघडला आणि त्यासाठी एक रुपयाही लागला नाही.

खर्चाचा विचार करताना एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, नीट वाचावी. दिव्यांचे आयुष्य साधारण ९००० तास, म्हणजे अखंड वापरात जेमतेम वर्षभर असते. त्यानंतरही निळसर उजेड दिसत राहतो, पण जंतुनाशक किरण घटलेले असतात. आमच्या करारात नवे दिवे धरलेलेच नव्हते. यंदा नूतनीकरणाच्या वेळी दिव्यांची किंमत, कॉइलवरील तीव्रतेचे मीटरने घेतलेले वाचन आणि पारा असलेले जुने दिवे परत नेण्याची जबाबदारी, अशी तीनही कलमे आम्ही त्यात घालून घेतली आहेत.