जाळीचा सेफ्टी डोअर, झडपेसकट

गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या घराला पुढे लोखंडी ग्रिल होती. दर पावसाळा संपला की घासा, रेड ऑक्साइड मारा, रंग काढा. कंटाळून ती काढून टाकली आणि गावातल्याच एका फॅब्रिकेटरकडून स्टेनलेसचा जाळीचा दरवाजा करून घेतला. बसवणीसकट २२ हजार. स्वस्त नाही, पण पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

माल ३०४ ग्रेडचाच मागा. २०२ दिसायला तितकाच चकचकीत, पण आमच्या हवेत लवकर डाग धरतो. जाळी घट्ट विणीची आहे. दिवसा आतून बाहेरचं स्वच्छ दिसतं, बाहेरच्याला आतलं काही कळत नाही. रात्री मात्र हेच उलटं. आत दिवा लागला की टीव्हीवर कोणती मालिका चाललीय तेही रस्त्यावरून दिसतं, तेव्हा पडदा हवाच.

खरी कामाची गोष्ट म्हणजे झडप. कमरेच्या उंचीवर, आतून कडी लागणारी, ए-४ कागद न दुमडता जाईल एवढी. फॅब्रिकेटर म्हणाला, असली कुणी मागत नाही. मी मागितली, कारण वरच्या खोल्या मी भाड्याने देते, बहुतेक कुंडईच्या कारखान्यांत कामाला असलेल्या मुलांना. गोव्यात भाडेकरूंची पोलीस पडताळणी करावी लागते, त्यामुळे खाकी वर्दी दारात येणं मला नवं नाही. पण पोलीस म्हणवणारा प्रत्येक जण पोलीस असतोच असं नाही. ‘पुढे चोरी झालीय, दागिने काढून रुमालात बांधा’ म्हणणारे एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना बरोबर हेरतात.

जूनमध्ये दोघे आले. एक वर्दीत, एक साध्या कपड्यांत. खोली सोडून गेलेल्या एका मुलाची चौकशी होती. मी लाकडी दार उघडलं, जाळीचं बंदच ठेवलं. नाव आणि पोलीस स्थानक विचारलं. वर्दीतल्याने छातीवरच्या पट्टीवर बोट ठेवलं. साध्या कपड्यांतला थोडा कुरकुरला, पण त्याने ओळखपत्र झडपेशी धरलं. चष्मा लावून वाचलं आणि स्थानकात फोन लावला, तोही माझ्याकडे लिहून ठेवलेल्या नंबरवर, त्यांनी सांगितलेल्या नव्हे. तोवर ते बलकांवातल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, बाकावर बसले होते. माणसं खरी निघाली. मुलगा कधी आला, कधी गेला ते सांगितलं, करारनाम्याची प्रत झडपेतून दिली.

मग, ‘बाई, वरची खोली जरा बघून घेतो.’ तिथे आता दुसराच मुलगा राहतो. म्हटलं, साहेब, झडतीचा कागद आहे का? नसला तर तो पाळी संपवून आला की त्यालाच विचारा, त्याच्या खोलीचं कुलूप काढून देणारी मी कोण? ‘नाही हो, नुसतीच चौकशी,’ म्हणाले. लगेच पुढचं, ‘मग उद्या जबानीला स्थानकावर या.’ साक्षीदार म्हणून बाईला राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही, साठीपुढच्या पुरुषालाही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, पण जुन्या कायद्यातही बायकांना ही सवलत होतीच. आपणहून जायचं असेल तर गोष्ट वेगळी. मला जायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी महिला कॉन्स्टेबलला घेऊन ते घरी आले, तेव्हा दार पूर्ण उघडलं, आत बसवलं, चहा केला. लिहिलेली जबानी मी वाचून घेतल्यावरच ते निघाले.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं म्हणून हे तोंडपाठ आहे. रात्री-अपरात्री घरी जाऊन पाळत ठेवायची उत्तर प्रदेश पोलिसांची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच घटनाबाह्य ठरवली, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. माझ्या भावोजींच्या मते हे सगळं कागदावर. असेल, पण कागद आतून वाचायला मिळाला तर बाहेरच्या माणसाचा आवाज खाली येतो, हे मी पाहिलंय.

आता, वॉरंट आलं तर हा दरवाजा उघडावाच लागतो. नाही उघडला तर तो तोडायचा अधिकार त्यांना आहे, आणि २२ हजार पाण्यात. तातडीच्या तपासात वॉरंटशिवायही झडती होऊ शकते, मात्र अधिकाऱ्याला कारण आधी लेखी नोंदवावं लागतं. झडती सुरू झाली म्हणून आपण बाहेर जाऊन उभं राहायचं नाही. हजर राहायचा आपल्याला हक्क आहे. वस्तीतले दोन प्रतिष्ठित पंच लागतात, चित्रीकरण करावं लागतं, जप्त वस्तूंची यादी होते. तिची प्रत मागून घ्या. आणि सूर्यास्तानंतर बाईला अटक फक्त अपवादानेच, तीसुद्धा महिला अधिकाऱ्याने, दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी काढून. दाराच्या आतल्या बाजूला मी दोन नंबर चिकटवलेत: ११२, आणि मोफत कायदेशीर मदतीचा १५१००.

दोष सांगते. कडीची धार तासलेली नव्हती, बोट कापलं, परत बोलावून घासून घेतली. दार आपटतं, ते हळू लावणारा क्लोजर वेगळा घ्यावा लागला. खालच्या चौकटीत जांभ्याची लाल धूळ साचते आणि ती काढायला जुना टूथब्रशच लागतो. सांगितलेल्या तारखेला माणूस आला नाही हे लिहायलाच नको.

पाचातले चार गुण. करून घेणार असाल तर झडप मापं घेतानाच सांगा. जाळी ताणून बसवल्यावर ती कापली की सैल पडते, आणि मग अख्खं पॅनेल बदलायचा खर्च तुमच्या माथी.